चाळीस दिवस आधी

वैशाखात घरी आलेला पाहुणा अंगणातल्या पेट्यांकडे बघतो आणि विचारतो, "यंदा मध किती निघाला?" मी आकडा सांगतो. "एवढाच?" असं तो म्हणत नाही, पण चेहऱ्यावर तेच असतं. आपल्याकडची सातेरी माशी वर्षाकाठी पेटीमागे पाच-सात किलो मध देते. साल चांगलं असलं तर थोडा वर. दुकानातल्या फळीवर किलोकिलोच्या बाटल्यांची रांग पाहिलेल्या माणसाला हा हिशेब चेष्टेचा वाटणारच. त्याचं मला काही नाही. फक्त प्रश्न चुकीच्या महिन्यात आलेला असतो. वैशाखातल्या मधाचा निकाल माघातच लागून गेलेला असतो.

गणित अवघड नाही. राणीनं घातलेल्या अंड्यातून तीन दिवसांनी अळी निघते. कामकरी माश्या तिला चार-पाच दिवस भरवतात, मग तिचं घर मेणाच्या टोपीनं बंद होतं, आणि अंडं पडल्यापासून साधारण १९-२० दिवसांनी ती टोपी कुरतडून नवी कामकरी बाहेर येते. पण ही नवी माशी लगेच फुलावर जात नाही. पहिले दोन-तीन आठवडे तिच्याकडे घरातली कामं असतात. घरं साफ करायची, अळ्यांना भरवायचं, मेण पाडून पोळं बांधायचं, बाहेरून आलेला रस घेऊन आटवायचा, शेवटी दारात पहारा द्यायचा. फुलावर ती जाते ती उतारवयात, आणि ते उतारवयही दोन-तीन आठवड्यांतच संपतं. म्हणजे आजचं अंडं फुलापर्यंत पोचायला चाळीस दिवस लागतात. शिमग्याच्या आगेमागे जांभूळ फुलणार असेल, तर त्या फुलावर बसणाऱ्या माशीचं अंडं संक्रांतीनंतरच्या पंधरवड्यात पडलेलं असायला हवं. जांभळाला मोहोर दिसल्यावर जो मधपाळ जागा होतो, त्याच्या माश्या फूल झडल्यावर कामाला येतात. मग मे महिन्यात असं दिसतं की पेटी माश्यांनी गच्च भरलेली आहे आणि वरची मधकोठी कोरडी. हे दृश्य मी लागोपाठ तीन वर्षं पाहिलं आहे, आणि तिन्ही वर्षं पेट्या माझ्याच होत्या.

या चाळीस दिवसांच्या मागे लागून हे पुस्तक लिहिलं गेलं. ते बारा महिन्यांच्या क्रमानं जातं, पण त्याची सुरुवात पाडव्यापासून नाही आणि जानेवारीपासूनही नाही. पहिलं प्रकरण मृगाचं आहे.

असं का, ते थोडं सांगायला हवं. मधमाशीपालनावरची बहुतेक पुस्तकं युरोप-अमेरिकेत लिहिली गेली आणि आपल्याकडची बरीचशी पुस्तकं त्यांच्या सावलीत वाढली. तिकडे माशीचा कठीण काळ म्हणजे हिवाळा. बाहेर बर्फ, आत माश्या एकमेकींना चिकटून गोळा करून बसलेल्या, साठवलेल्या मधावर दिवस काढणाऱ्या. वसंत आला की पेटी उघडायची, तिथून वर्ष सुरू. आपल्याकडे या क्रमाचं काय करायचं? सह्याद्रीच्या माथ्यावर हिवाळा हा माशीचा सुखाचा, वाढीचा काळ आहे. तिची परीक्षा असते ती आषाढ-श्रावणात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. सलग आठ-आठ दिवस माशीला दाराबाहेर डोकावता येत नाही, आणि डोकावली तरी फुलात रसाऐवजी पाणी.

पेटी मात्र आपण तिकडून घेतली आणि ते बरंच केलं. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याच्या १८५१ मध्ये असं लक्षात आलं की माश्या पेटीत एका ठरावीक मापाची फट तेवढी मोकळी सोडतात. ही फट साधारण पाऊण ते एक सेंटिमीटरची. त्याहून अरुंद असली तर त्या राळेनं बुजवतात, रुंद असली तर तिथे पोळं बांधून टाकतात. हे माप राखून लाकडी चौकटी टांगल्या, तर प्रत्येक पोळं सुटं राहतं, पुस्तकाच्या पानासारखं उचलून बघता येतं आणि पुन्हा जागेवर ठेवता येतं. त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळं कापायचं, बहुधा घराचा नाशच. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फादर न्यूटन या मिशनऱ्यानं तमिळ मुलखात आपल्या चणीनं लहान माशीला बेतेल अशी लहान पेटी तयार केली. तिची भावंडं आजही दक्षिणेत आणि आपल्याकडे दिसतात. एक गोष्ट मात्र पेटीबरोबर सांगायची राहून गेली. आपली सातेरी राळ गोळाच करत नाही. पेटीच्या फळ्यांत फट राहिली तर ती तशीच राहते, आणि त्या फटीतून मेणकिड्याची मादी आत शिरून अंडी घालते. तिकडे माशी जे काम करते ते इथे मधपाळाला शेणमातीनं किंवा मेणानं करावं लागतं.

आता सातेरीच का, असं कुणी विचारील. आपल्या रानात आणखी माश्या आहेत. आग्या सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त मध देणारी, पण ती कड्यावर, उंच झाडावर, हल्ली पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लावते आणि हंगाम सरला की मुलूख सोडते. तिला पेटीत कोण घालणार! फुलोरी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावते, तेही एकच आणि उघड्यावर. पेटीत राहते ती माशी अंधाऱ्या ढोलीत, एकापाशी एक अशी अनेक पोळी लावणारी. सात पोळ्यांची म्हणून सातेरी, अशी नावाची फोड सांगतात. मी ढोलीतून काढलेल्या घरांत पाचपासून आठपर्यंत सगळे आकडे मोजले आहेत. दुसरी ढोलीतली माशी म्हणजे युरोपची मेलिफेरा. तिला १९६०च्या दशकात हिमाचलातल्या नगरोट्यात यश आलं आणि तिथून ती पंजाब-हरियाणात पसरली. मध सातेरीच्या चार-पाचपट देते. पण तिला बारमाही फूल लागतं, म्हणजे पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरीमागे, सूर्यफुलामागे, बोरामागे फिरावं लागतं. तो धंदा आहे आणि चांगला धंदा आहे. सह्याद्रीच्या पावसात मात्र तिला ठेवून बघितलेल्यांनी फार सुखाचे अनुभव सांगितलेले नाहीत. या पुस्तकात ती येते, पण पाहुणी म्हणून. माझा कल कुठे आहे ते वाचकानं आधीच ओळखलेलं बरं.

मृगापासून सुरुवात करण्याचं दुसरं कारण घरगुती आहे.

माझी पहिली पेटी मी एका फाल्गुनात आणली. मे महिन्यात तिच्यातून साडेचार किलो मध काढला. वरच्या मधकोठीतला तर काढलाच, शिवाय खालच्या पिल्लांच्या चौकटींना वरच्या कडेनं जो मधाचा पट्टा असतो तोही सोडला नाही. बाटल्या भरल्या, नातेवाइकांत वाटल्या, कौतुक करून घेतलं. आषाढात मला काळजी वाटायला लागली, म्हणून दर तीन-चार दिवसांनी, पाऊस जरा थांबला की, झाकण काढून डोकावायचो. प्रत्येक वेळी आतली ऊब निघून जायची. श्रावणातल्या एका सकाळी डोकावलो तर पेटी रिकामी. मेलेल्या माश्यांचा खच नाही, मुंग्या नाहीत, झटापटीची काही खूण नाही. सहा पोळी टांगलेली, घरं रिकामी, एका कोपऱ्यात मेणकिड्याची जाळी नुकती धरलेली. भाडेकरू रात्री निघून जावा तशा त्या गेल्या होत्या. सातेरी उपाशी राहून मरण्यापेक्षा घर सोडणं पत्करते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ज्यांच्याकडून पेटी आणली होती त्या आबांकडे गेलो. ते अंगणात दोरी वळत बसले होते.

"आबा, माश्या गेल्या."

"जाणारच की. मे महिन्यात किती काढलास?"

"साडेचार किलो."

"आन् ठेवलास किती?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी मला त्यांच्या पेट्यांपाशी नेलं आणि एकीचं झाकण न काढता, मागच्या बाजूला बोटं घालून ती दोन बोटं उचलून दाखवली. "हिचं वजन हाताला कळलं पायजे. पावसात पेटी उघडायची न्हाई. मागनं उचलून बगायची." मी उचलली. जड होती. शेजारची उचलली, ती हलकी लागली. तिलाच त्यांनी त्या संध्याकाळी साखरेचा पाक दिला.

ही उचलून बघण्याची रीत या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे, कारण ती शब्दांत सांगणं अवघड आणि हाताला शिकवणं सोपं. मे अखेरीला भरलेली पेटी रोज एकदा उचलायची, जूनभर उचलत राहायची. महिन्याभरात हाताला तराजू बसतो.

पाकाचं एक सांगून ठेवतो, कारण यात नवखे हमखास चुकतात. पावसाळ्यातला पाक घट्ट असावा, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी. पातळ पाक दिला तर त्यातलं पाणी उडवण्यासाठी माश्यांना पंखांनी वारा घालत बसावं लागतं, आणि हवेतच पाणी भरलेलं असताना ते पाणी उडून जाणार कुठे? शिवाय पातळ पाक पोळ्यात येऊ लागला की राणीला वाटतं, बाहेर फूल आलं. ती अंडी घालू लागते. अळ्यांना भरवायला परागकण लागतात आणि आषाढात परागकण नसतात. मग अर्धपोटी अळ्या मरतात किंवा कामकऱ्याच त्यांना काढून टाकतात. आषाढात राणीनं अंडी घालणं थांबवलं तर ते आजारपण नसतं, शहाणपण असतं. एकास एक असा पातळ पाक द्यायची वेळ वेगळी आहे. ती माघात येते, फुलाच्या चाळीस दिवस आधी, आणि तीही बाहेरून परागकण येताना दिसत असतील तरच. पाक नेहमी दिवस मावळल्यावर द्यायचा आणि थेंब बाहेर सांडू द्यायचा नाही. नाहीतर सकाळी शेजारच्या ताकदवान पेटीतल्या माश्या वासानं येतात आणि दुबळ्या पेटीची लूट होते. लूट सुरू झाली की ती थांबवणं माणसाच्या हातात फारसं राहत नाही.

आणि दुबळ्या पेट्या पावसात जाऊच देऊ नयेत. दोन दुबळ्या पेट्यांची मिळून एक धड पेटी होते. मृगाआधी एकीतली राणी काढून घ्यायची, दुसरीवर ती पेटी ठेवायची आणि मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद टाचणीनं चार भोकं पाडून पसरायचा. दोन्हीकडच्या माश्या तो कागद कुरतडत बसतात. दिवस-दोन दिवसांत कागदाचा भुसा दाराबाहेर पडू लागतो, तोवर दोन घरांचे वास एक झालेले असतात आणि भांडण होत नाही. वर्तमानपत्राचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

हस्ताचा पाऊस ओसरला की पेटी उघडायची. वर्षातला हा माझा आवडता दिवस. झाकण काढल्याबरोबर ओल्या लाकडाचा, जुन्या मेणाचा आणि थोडा आंबूस असा वास येतो. तळपाटावर चार महिन्यांचा कचरा साचलेला असतो. मेणाचा भुसा, माश्यांचे पंख, एखादी वाळलेली पाल. काळी पडलेली, माश्यांनी सोडून दिलेली पोळी काढून टाकायची, कारण मेणकिडा तिथेच घर करतो. मग मधली चौकट उन्हाकडे धरून घरांच्या तळाशी बघायचं. अंडं दिसतं ते तांदळाच्या कणीहून बारीक, सुईच्या टोकासारखं. ते घराच्या तळावर सरळ उभं असेल तर आजचं, कललेलं असेल तर कालचं, आडवं असेल तर परवाचं. राणी शोधत बसायची गरज नाही. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी आहे आणि काल-आजपर्यंत कामावर आहे. मी सुरुवातीला राणी बघायचीच म्हणून चौकटीमागून चौकट काढायचो आणि अर्धा तास पेटी उघडी ठेवायचो. त्या हौसेची किंमत माश्यांनीच मोजली.

या दिवसांत पठारावर सोनकी पिवळी झालेली असते. तेरड्यातून परतलेली माशी दारात उतरते ती पाठीवर पांढरी पूड फासून, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. खाली देशावर कारळा फुलतो. आणि ज्या वर्षी कारवीचं साल असेल त्या वर्षी सगळे नियम बाजूला ठेवायचे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळी एकदम, आणि मग मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. घाटातल्या वेगवेगळ्या भागांचं साल वेगवेगळं असतं, त्यामुळे आपल्या डोंगराचं साल आपणच लिहून ठेवायचं. तिची बहीण व्हायटी, तिचाही फेरा असाच वर्षांच्या अंतरानं. रानातली जुनी माणसं मुलांच्या जन्माची सालं या फुलोऱ्यांवरून सांगायची. मधपाळाच्या कामाचं कॅलेंडर बारा महिन्यांचं नसून आठ वर्षांचं आहे, असं वाटायला लावणारं हे झुडूप. भाद्रपदात कारवी फुलणार आहे हे आधी ठाऊक असेल तर आषाढातही पेटी दुबळी होऊ द्यायची नसते, आणि पाकाचा नियम त्या एका वर्षापुरता मोडायचा असतो. तो कसा मोडायचा, त्याला पुस्तकात अख्खं प्रकरण दिलं आहे.

कार्तिकापासून पुढे पेटी फुगत जाते. अशा वेळी चौकटीच्या खालच्या भागात जराशी मोठी, टोपी वर आलेली घरं दिसू लागतात. ती नरांची. सातेरीच्या नराच्या टोपीला मधोमध टाचणीनं टोचावं तसं एक बारीक छिद्र असतं. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला रोग वाटतो. मलाही वाटला होता. नर आले म्हणजे घर दुभंगण्याच्या विचारात आहे. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबती घरं येतात, ती नव्या राण्यांची. त्यातली एक बाहेर येण्याआधीच जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि जवळच्या फांदीला द्राक्षाच्या घडासारखी लटकते. तिथून पुढे ती कुठे जाईल त्याचा नेम नाही.

इथे दोन पंथ आहेत. एक पंथ राणीघरं तोडत राहतो, दर आठ दिवसांनी, चिकाटीनं. दुसरा स्वतःच घराची वाटणी करून देतो. मी दुसऱ्या पंथातला. माश्यांच्या मनानं एकदा घेतलं की आपण एखादं राणीघर नजरचुकीनं सोडतोच, आणि त्यांना तेवढंच पुरतं. पण वाटणीचीही तारीख आहे. नवी राणी अंड्यापासून बाहेर यायला साधारण १५-१६ दिवस घेते, मग नरांशी मीलनासाठी आकाशात उडते, आणि अंडी घालायला लागेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस जातात. म्हणजे वाटणी केलेल्या अर्ध्या घरात जवळजवळ महिनाभर नवं अंडं पडत नाही. त्यापुढे आपले चाळीस दिवस. शिमग्यापासून मागे मोजत या, वाटणी मार्गशीर्षाच्या आतबाहेर येऊन थांबते. पौष संपल्यावर केलेल्या वाटणीनं पेट्यांची संख्या वाढते, मध वाढत नाही. हे गणित फळ्यावर लिहून दाखवलं तर पाच मिनिटांत कळतं. पेटीपुढे उभं राहिल्यावर ते आठवत नाही, म्हणून ते या पुस्तकात पुन्हापुन्हा आलं आहे. संपादकांनी ते एकदाच ठेवा म्हणून सुचवलं होतं. मी ऐकलं नाही.

मधाच्या दिवसांबद्दल मी फार बोलणार नाही, त्यावर सगळेच बोलतात. जांभूळ, मग गेळा, हिरडा, अंजनी. डोंगरातल्या मधाची चव या झाडांच्या क्रमानं बदलत जाते आणि जांभळाच्या मधाला किंचित कडवट तुरटपणा असतो. तो आवडायला थोडा वेळ द्यावा लागतो. एवढंच सांगतो की कच्चा मध काढू नये. मधाच्या घरांवर मेणाच्या टोप्या बसल्या नसतील तर त्यात पाणी जास्त आहे. २० टक्क्यांहून जास्त पाणी राहिलेला मध बाटलीत आंबतो. टोप्या कुठे बसल्यात, कुठे नाहीत अशी संभ्रमाची चौकट असेल तर ती आडवी धरून एक हिसका द्यावा. थेंब उडाले तर चौकट परत पेटीत. मधयंत्र हळू फिरवावं. सातेरीचं ताजं पोळं कोवळं असतं, घाई केली तर चौकटीतून निसटून यंत्राच्या भिंतीला चिकटतं. आणि हिरड्याचं फूल सरलं की हात थांबवावा. त्यानंतर पेटीत येईल तो मध माश्यांचा. पाऊस सरेपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. आबांच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर असतं. खालच्या कोठीतलं सगळं, शिवाय वरच्या दोन भरल्या चौकटी.

हे सगळं घाटमाथ्याचं झालं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं निम्मं लागू नाही. तिथे पावसाळा सोसवतो, उन्हाळा मारतो. पिल्लांच्या पोळ्याला ३४-३५ अंश लागतात, त्याहून वर गेलं तर पिल्लं दगावतात. बाहेर ४४ अंश असताना माश्या मध सोडून पाणी आणायला लागतात, पोळ्यावर थेंब थेंब पसरतात आणि दारात ओळीनं उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. सातेरी वारा घालताना तोंड बाहेर करून उभी राहते, मेलिफेरा तोंड आत करून. दारावरून माशी ओळखायची ही एक गंमत. अशा मुलखात पेटीला दाट सावली, झाकणावर ओलं गोणपाट आणि दोनशे पावलांच्या आत पाणी, ज्यात बुडू नये म्हणून खडे किंवा काटक्या टाकल्या आहेत, एवढं केलं तरी मोठं काम होतं. त्या भागाचं वर्ष होळीपासून मोजावं आणि मृगाला सुटकेचा श्वास टाकावा. पुस्तकाचा तिसरा भाग त्यांच्यासाठी आहे आणि तो पहिल्या भागाइतका मोठा नाही, कारण माझा स्वतःचा अनुभव तिथे तोकडा आहे.

त्या भागात मात्र मधापेक्षा मोठी एक गोष्ट चालते. जालना-बुलढाण्याकडे कांद्याचं बियाणं तयार होतं. कांद्याच्या फुलातले पराग आधी झडतात, त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फूल आपल्याच परागावर भागवू शकत नाही, मध्ये कुणीतरी ये-जा करणारं लागतं. म्हणून माघ-फाल्गुनात शेतकरी भाड्यानं पेट्या आणतात. पेट्या रात्री हलवायच्या, दारं जाळीनं बंद करून, आणि पीक फुलू लागल्यावर. आधी नेल्या तर माश्या बांधापलीकडच्या दुसऱ्याच फुलाची वाट धरतात. आणि फवारणीचा शब्द आधी घ्यायचा. एका वर्षी मी तो तोंडी घेतला होता. शेजारच्या शेतमालकाला तो ठाऊकच नव्हता, त्यानं सकाळी दहाला, फुलावर माशी असताना, फवारलं. दुपारी पेट्यांपुढे माश्या गोल गोल फिरत पडल्या होत्या. मेलेल्यांची जीभ बाहेर आलेली होती. विषानं मेलेली माशी अशीच दिसते. तेव्हापासून मी चारही बांधांवर जाऊन बोलतो, आणि फवारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, एवढं तरी कबूल करून घेतो.

रोगांचं प्रकरण छोटं आहे. दक्षिणेत १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूनं सातेरीच्या पेट्या गावंच्या गावं रिकाम्या केल्या. घरात अळी लांब होऊन, डोकं वर करून, पाण्याच्या पिशवीसारखी मरून पडलेली दिसते. त्यावर औषध नाही. राणी बदलणं, काही काळ अंडी थांबवणं आणि रोगट पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत न नेणं, एवढंच हाती आहे. ज्या वसाहती त्या साथीतून तगल्या त्यांच्याच वंशावर पुढचं पालन उभं राहिलं. व्हरोआ गोचिडीचा जो बोलबाला जगभर आहे तो मेलिफेरामुळे. मुळात ही गोचीड सातेरीच्याच अंगावरची, आणि सातेरी तिला पायांनी झाडून, चावून काढत आली आहे. सोबत राहण्याची सवय झालेल्या दोघींमध्ये तिसरी आली आणि मार तिला बसला.

यातलं बरंच मी पुस्तकांतून शिकलो नाही. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाच्या आणि पुण्यात १९६२ पासून चालू असलेल्या केंद्रीय मधमाशी संस्थेच्या प्रशिक्षणांतून या डोंगरात मधपाळांच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा वर्तमानपत्रांना नवल वाटलं. त्या डोंगरात घरटी पेट्या असणं जुनं आहे. त्या घरांच्या पडवीत बसून ऐकलेलं मी इथे फक्त महिन्यांच्या क्रमानं लावलं आहे.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन पानं कोरी सोडली आहेत. तीन रकाने आखले आहेत: झाडाचं नाव, पहिलं फूल दिसल्याची तारीख, आणि त्या तारखेतून चाळीस दिवस वजा करून येणारी तारीख. माझ्या तारखा मी त्यात मुद्दाम छापलेल्या नाहीत. माझ्या डोंगराचं जांभूळ तुमच्या डोंगराच्या जांभळाआधी आठवडाभर फुलत असेल, आणि एका आठवड्याच्या चुकीनं मधकोठीतल्या दोन चौकटी कमी भरतात. पहिल्या वर्षी तिसरा रकाना उपयोगाचा नाही, तो पुढच्या वर्षासाठी आहे. पेन्सिलीनं लिहा. पेटीपाशी उभं राहून लिहिताना बोटांना मध असतो, आणि शाई त्यात पसरते.